लावणीची गोळी

पळसदरी, ३० जून

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तू चिडतेस, म्हणून मुद्दाम लिहिलं. दोन वर्षं झाली, तुझं चिडणंसुद्धा कानावर पडलं नाही. वडोदऱ्याला माणूस मराठीत चिडतो की गुजरातीत, तेवढं तरी कळव.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात आलं असेल. तुझ्या आईने मला शपथ घातली आहे. परवा उठता उठता त्यांना घेरी आली, ओटीवर बसल्या. मी म्हटलं, सोनालीला फोन लावते. तर माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "सोनालीला फोन करशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." जितेशलाही तीच शपथ. तुझा दादा आईला विचारल्याशिवाय पाण्याचा तांब्या उचलत नाही, तेव्हा त्याच्याकडून काही कळेल ही आशा सोड. मी मात्र शपथ नीट कान देऊन ऐकली. तिच्यात पत्राचं नाव नव्हतं.

घाबरण्यासारखं काही नाही गं. तोंड जरा पांढरट दिसतंय, विहिरीवरून वर येताना धाप लागते. उकाडा आहे, वय आहे. परसाकडे काळं होतंय म्हणाल्या, डांबरासारखं. मी म्हटलं, आई, मागच्या झाडाची अर्धी जांभळं एकट्या तुमच्या पोटात गेली, मग काय केशरी होणार? त्याही हसल्या. आपल्याकडे पोरासोरांपासून सगळ्यांना माहीत आहे, जांभळाच्या दिवसांत असंच होतं.

पुढच्या आठवड्यात लावणी सुरू होईल. रांगेत पहिल्या यंदाही त्याच. तू गेल्यापासून लावणीत एक नवी रीत पडली आहे, ती तुला माहीत नसेल. पूर्वी ज्याचं शेत तो बायांना तंबाखू-सुपारी द्यायचा, आठवतं? आता गोळी देतात. सकाळी बांधावर कोरा चहा आणि ताटलीत पिवळ्या गोळ्या, प्रत्येकीला एक. कंबर-गुडघे दिवसभर कुरकुर करत नाहीत. गोळी ठेवली नाही तर बाया घरी जाताना म्हणतात, लय कंजूष घर हाय. आणि ठेवली तर कोणी नको म्हणायचं नाही, तो त्या घराचा अपमान. आज आपल्या शेतात, उद्या शेजारच्या गोदूबाईच्या, परवा आणखी कोणाच्या, म्हणजे लावणी संपेपर्यंत रोज एक गोळी घडतेच. मी स्वयंपाकघर सांभाळते, त्यामुळे मला तो मान मिळत नाही.

तू गेलीस तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तू गुडघ्यांच्या ऑपरेशनची सगळी तयारी करून आली होतीस, डॉक्टर ठरवला होतास, रजा काढली होतीस. आणि आईंनी अंगणात, गोदूबाईच्या देखत म्हटलं, "माझ्या गुडघ्यांना काय धाड भरली हाय? तुला हौस तर तुझे काप." वर तुला दाखवायला धरणापर्यंत तरातरा चालत जाऊन आल्या. तू बॅग उचललीस आणि म्हणालीस, आता तू स्वतःच्या तोंडाने बोलावशील तेव्हाच या उंबऱ्यात पाय ठेवीन. त्या म्हणाल्या, मग नको येऊ. दोघी एका माळेचे मणी. मध्ये दोरा मी, आणि तो ताणून ताणून आता माझंच कंबरडं मोडायची वेळ आली आहे.

खरं सांगू, त्या दिवसापासून मी त्यांना एकदाही लंगडताना पाहिलेलं नाही. मला वाटायला लागलंय की तूच उगाच जीव काढलास. गुडघे खरंच बरे झाले असावेत.

तुझी वहिनी,
हर्षला


पनवेल, ११ जुलै

सोनाली,

आज थट्टा नाही. आईंना काल इथे आणलं. जिवंत आहेत, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

काल लावणी गोदूबाईच्या शेतात होती. मी डबा घेऊन बांधावर पोचले तेव्हा आई रांगेच्या पुढे होत्या, हातात रोपांची मूठ. वाकलेल्या होत्या त्या सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या, आणि तशाच चिखलात बसल्या. मला वाटलं पाय घसरला. तेवढ्यात त्यांना उलटी झाली. आधी चहाच्या चोथ्यासारखं काळपट, मग लाल. भाताच्या त्या पाण्यात ते लाल पसरत गेलं आणि सगळ्या बाया हातातली रोपं तशीच धरून उभ्या राहिल्या.

गावातल्या रूपेशचा टेंपो रस्त्यावरच होता. चिखलाने माखलेल्या तशाच त्यांना उचललं, मी आणि गोदूबाई मागे. कर्जतच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, नाडी पाहिली आणि अॅम्ब्युलन्स बोलावली. इथं थांबू नका म्हणाले. चौक गावाच्या पुढे आई मला म्हणाल्या, "हर्षले, कानात समुद्र वाजतोय." त्यानंतर पनवेल येईपर्यंत बोलल्या नाहीत. मी त्यांचा अंगठा धरून बसले होते. बर्फासारखा गार.

इथे एक तरुण डॉक्टरबाई आहेत. केस कापलेले, पायात पळायचे बूट. अंगात रक्त किती ते तपासलं. बाईमाणसाला बारा हवं ते आईंचं पाच निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे एका दिवसात गेलेलं नाही, आधी बरेच दिवस थोडं थोडं जात असणार. शौचाला काळं, चिकट, घाण वासाचं होत होतं का? मी म्हटलं, होय, पण जांभळं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळू म्हणाल्या, "पोटात रक्त सांडलं की ते पचून तसंच काळं होऊन बाहेर पडतं. जांभळांना दोष देऊ नका." सोनाली, ते रक्त होतं गं. आणि मी हसले होते.

मग विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? मी म्हटलं, एकच. तीन वर्षांपूर्वी छातीत स्प्रिंग बसवली तेव्हापासूनची, रक्त पातळ ठेवायची अॅस्पिरिन, रोज रात्री जेवणावर. आणखी? आणखी काही नाही. दुखण्याची एखादी? नाही म्हटलं, आमच्या आईंना काही दुखत नाही.

गोदूबाई कोपऱ्यात उभी होती, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. ती म्हणाली, "अन् लावणीची?"

"लावणीची म्हणजे?" डॉक्टरबाई.

"ती काय औषध नाय बाई. ती मानाची. समद्याच घेतात." आणि तिने कनवटीला खोवलेलं पाकीट काढून पुढे केलं. सकाळी वाटून उरलेल्या पिवळ्या गोळ्या त्यात होत्या. डॉक्टरबाईंनी पाकिटामागचं नाव वाचलं, डायक्लोफिनॅक, आणि खुर्ची ओढून खाली बसल्या. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गोदूबाईला विचारलं, "तुम्हीही घेता? तुमच्या पोटात जळजळ होते का? अजून किती बाया आहेत?" गोदूबाई खाली बसली ती उठेचना.

आता तुला सांगते ते त्यांनी सांगितलेलं. अॅस्पिरिन रक्ताला गोठू देत नाही, ती हृदयासाठी हवीच. पण तीही पोटाला थोडा त्रास देतेच. तिच्यावर ही दुखण्याची गोळी पडली की पोटाला जखम व्हायला वेळ लागत नाही, आणि झालेली जखम वाहायची थांबत नाही. एक दार उघडते, दुसरी ते बंद होऊ देत नाही. मी विचारलं, पण चहा-बिस्किटावर घेतात, उपाशीपोटी नाही. त्या म्हणाल्या, जेवून घेतली तरी तेच. ती नुसती पोटात पडून काम करत नाही, रक्तातून फिरून येऊन पोटाची राखण काढून घेते. इंजेक्शन घेतलं तरी तेच.

रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या, तिसरी चालू आहे. उद्या सकाळी तोंडातून नळी घालून पोटात पाहणार. जखम सापडली आणि रक्त थांबलं तर ठीक. नाही थांबलं तर पोट उघडावं लागेल, आणि आईंच्या हृदयाचं असं असताना ते सोपं नाही, हे त्यांनी जितेशला आणि मला समोर बसवून सांगितलं. जितेश नुसता मान हलवत होता.

मी त्याला म्हटलं, सोनालीला कळवूया आता. तो म्हणाला, आईची शपथ हाय. या माणसाला कोणत्या वेळी काय पाळावं ते देवाने शिकवलंच नाही. म्हणून हे स्पीडपोस्टाने टाकते आहे. तू बोलावल्याशिवाय येणार नाहीस हे मला माहीत आहे. आज बोलावण्याइतका आवाज त्यांच्यात नाही. पुढे काय करायचं ते तुझं तू ठरव.

हर्षला


पनवेल, १२ जुलै, दुपार

सोनाली,

रक्त थांबलं.

आता मला थोडं लिहू दे. जे पाहिलं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली पाणी उतरणार नाही, आणि जितेशला सांगून उपयोग नाही, तो नळीचं नाव ऐकूनच बाहेर जाऊन बसला होता.

आईंनी माझा हात सोडला नाही म्हणून मला आत घेतलं. घशात काहीतरी फवारलं, गुंगीचं औषध दिलं, कुशीवर वळवलं. करंगळीपेक्षा जाड नसेल अशी काळी नळी, तिच्या टोकाला दिवा आणि डोळा. डॉक्टरबाईंनी ती आत सोडली आणि भिंतीवरच्या टीव्हीत उजेड पडला.

तुला माहीत आहे, शनिवार-रविवारी धरणावर येणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक मी करते. वजडी माझ्या हातची खायला मुंबईहून माणसं येतात. बकऱ्याचं पोट चुन्याने चोळून, गरम पाण्यात खरवडून मी आयुष्यभर साफ करत आले. मला वाटायचं, पोटातलं मला काय नवीन? वन्सं, मला काहीच माहीत नव्हतं.

आधी एक गुलाबी बोळ. मग तो बोळ एकदम मोठा झाला आणि आम्ही आत पोचलो. ओल्या, चमकणाऱ्या भिंती. वळ्यांवर वळ्या, आणि त्या वळ्या श्वासाबरोबर हलताहेत. कुणीतरी आत्ताच सारवून गेलंय अशी ती भिंत ओली होती. सत्तर वर्षं जिच्यात भात, मासळी, नाचणीची भाकर, रागात गिळलेले शब्द, सगळं गेलं, ती जागा इतकी स्वच्छ आणि कोवळी असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माझे हात आपोआप जोडले गेले. देवळाच्या गाभाऱ्यात दिवा आत नेल्यावर जसं होतं तसं मला झालं. हे मी लाजून लिहीत नाही.

मग नळी वळली आणि ती जागा दिसली. पांढरट खळगा, आठ आण्याच्या नाण्याएवढा, कडा लाल, सुजलेल्या. मधोमध एक बारीक टोक वर आलेलं आणि त्यातून रक्त येत होतं. छातीच्या ठोक्याबरोबर, ठोका पडला की येई. मी यंत्रावर आईंचा ठोका ऐकत होते आणि इकडे रक्त पाहत होते, दोन्ही एकच होतं. त्यांचा जीव त्या टोकातून जात होता आणि मी तो जाताना पाहत होते.

डॉक्टरबाईंनी आधी त्याच नळीतून सुई काढून खळग्याच्या कडेला औषध टोचलं. कडा पांढऱ्या पडल्या, रक्त मंदावलं. मग त्याच नळीतून एक चिमटा बाहेर आला, इवलासा, भाताच्या लोंबीत बसेल असा. तो उघडला, टोकावर गेला, मिटला. सुटला. पुन्हा एक. बस्स. रक्त थांबलं. डॉक्टरबाईंनी पाणी मारून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग पहिल्यांदा श्वास सोडला. तो सोडलेला श्वास मी ऐकला.

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, हे पोट वजडी पचवतं, हाडाचा भुगा पचवतं, मग ते स्वतःला का पचवत नाही? त्या थकल्या होत्या, पण या प्रश्नाने त्यांचं तोंड उजळलं. म्हणाल्या, "कोणी विचारत नाही हो हे." पोटात इतकं जहाल आम्ल असतं की कापडावर पडलं तर भोक पडावं. पण पोट स्वतःच्या भिंतीला रात्रंदिवस एक बुळबुळीत थर लावत असतं, आणि आतली कातडीच दर थोड्या दिवसांनी नवीन करतं. जन्मल्यापासून, आपल्याला न विचारता. आपण झोपतो, भांडतो, लग्नात नाचतो, ते आपलं काम करत राहतं. आणि तो थर लावायला शरीर जे बनवतं, तेच ही पिवळी गोळी बनू देत नाही. गुडघ्यातलं दुखणं थांबवायला ती जे थांबवते, त्यात पोटाची राखणही थांबते. गोळीला गुडघा कुठला आणि पोट कुठलं ते कळत नाही.

मी म्हटलं, पण मग पोट दुखायला हवं होतं ना. जखम एवढी मोठी. त्या म्हणाल्या, खूप जणांना दुखतच नाही. दुखण्याची गोळी आहे ना, ती पोटाचंही तोंड दाबते. पहिली खूण रक्तच.

मी बाकावर येऊन रडले, पण दुःखाने नाही. माझ्याही आत ते तसंच चाललंय, तुझ्याही, या बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या. आणि आपण त्याला पोट भरलं की नाही याशिवाय दुसरं कधी काही विचारलं नाही.

आईंना आता झोप लागली आहे. अंगठा गरम आहे.

हर्षला


पनवेल, १६ जुलै

वन्सं,

पुन्हा वन्सं लिहिते आहे, यावरून ओळख.

काल तू जितेशला फोन केलास, आई कशी आहे एवढं विचारलंस आणि ठेवून दिलास. तो माझ्याकडे वळून म्हणाला, हिला कुठून कळलं? मी डबा करायला घरी आले होते, कांदा चिरत होते, डोळे पुसून सुटले. तुझा आवाज कसा होता विचारलं तर म्हणाला, सर्दी झाल्यासारखा.

आई बसतात, पातळ भात खातात. तिसरी पिशवी संपल्यावर त्यांनी लिंबू-सोडा मागितला. जन्मात कधी प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "हे माझं मागणं नाय, त्या रक्तवाल्याचं हाय. त्याला आवडत असंल." कोणाचं रक्त ते कोणालाच ठाऊक नाही, पिशवीवर नाव नसतं. मी विचार करत बसले. कोणीतरी एक दिवस हात पुढे केला असेल, बिस्कीट खाऊन घरी गेला असेल, आणि त्याला कधी कळणारही नाही की पळसदरीची एक बाई त्याच्यामुळे उठून बसली. आई रोज पिशवीच्या रिकाम्या दांडीकडे बघून हात जोडतात. मीही जोडते.

हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून अॅस्पिरिन पुन्हा सुरू केली आहे, सोबत पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी. आपल्या मनाने अॅस्पिरिन बंद केली असती तर छातीतली स्प्रिंग बुजली असती म्हणे, तेही मरणच. पिवळी गोळी मात्र जन्मभर बंद. दुखलं तर साधी तापाची गोळी, तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच, शेक, आणि मालिश.

आणि आता ऐक. आज त्यांना पहिल्यांदा खाटेवरून उतरवून संडासापर्यंत चालवलं. सोनाली, त्यांना चालता येत नाही. उजवा गुडघा बाहेर फाकतो, डावा वाकत नाही. दर पावलाला त्यांच्या तोंडावर जे येत होतं ते मी दोन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. गोळी उतरली तसं खाली दडलेलं सगळं वर आलं.

खाटेवर परत निजवून मी विचारलं, आई, लावणी तर पंधरा दिवसांची. बाकीचं वर्षभर काय करत होता? त्या भिंतीकडे वळल्या. मग सांगितलं. स्टेशनजवळच्या मेडिकलमधून तीच पिवळी गोळी त्या आणत होत्या, सकाळी एक, दुपारी एक, माझी पाठ वळली की. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. लावणीत मग मानाची तिसरी.

"का?" मी विचारलं.

"लंगडली असती तर तू तिला कळवलं असतंस."

"मग?"

"मंग ती म्हणाली असती, मी सांगत व्हती."

एवढंच. पोरीचं खरं ठरू नये म्हणून. मी रागावणार होते, तोंडापर्यंत शब्द आले होते. पण त्यांच्याकडे बघून मला राग येईना, भीतीच वाटली. रोज पहाटे उठायचं, कोणाला न दिसता ओटीचा खांब धरून उभं राहायचं, गोळी उतरेपर्यंत देवपूजेच्या नावाखाली बसून राहायचं, आणि मग रांगेत पहिलं जायचं. डोंगराएवढा हट्ट. त्या हट्टातला निम्मा तुझ्या वाट्याला आला आहे, हे मी तुला आधीच सांगून ठेवते.

मग म्हणाल्या, "पत्रात हेबी लिहिशील?"

माझ्या हातातली वाटी खाली पडली. त्या म्हणाल्या, "दर येळी पिशवीतून पेन काढून बसतेस, अन् पोष्ट कुठं हाय म्हणून नर्सबाईला इचारतेस. मी पोटानं आजारी हाय, डोळ्यानं नाय." मी विचारलं, मग थांबवलं का नाही? त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

बोलावलं का तुला? नाही. पण पत्राला मनाईही केली नाही.

हर्षला


पळसदरी, २७ जुलै

प्रिय वन्सं,

आम्ही घरी येऊन आठवडा झाला. गावची लावणी संपली, आपल्या शेताची गोदूबाईने उभं राहून करून घेतली. तिने बांधावर ताटलीत गूळ-शेंगदाणे ठेवले आणि बायांना सांगितलं, "इंदूच्या पोटात भोक पडलं, ह्या शेतात गोळी नाय." दोघी-तिघी रुसल्या. एक-दोघी अजूनही पदराआडून घेतात, मला दिसतं. गोदूबाई स्वतः मात्र डॉक्टरबाईंना दाखवून आली. तिच्या पोटात जखम नव्हती, नुसती लाली. ती आल्यापासून ज्याला त्याला विचारते, तुजं काळं होतं का रं? तिच्या या प्रश्नाने माणसं तिला चुकवायला लागली आहेत.

तुझं पत्र मिळालं. दोन ओळींचं. "आई बोलावेल का?" एवढ्यासाठी पाकीट, पत्ता, तिकीट, आणि वडोदऱ्याहून पळसदरी. तू खरंच त्यांची लेक आहेस. मी ते पत्र त्यांना वाचून दाखवलं. ऐकलं आणि उठून मागच्या दारी गेल्या, म्हणजे निघाल्या, पोचायला बराच वेळ लागला.

काल तपासणीला नेलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्त वाढतंय, जखम भरत आली असेल, दीड महिन्याने पुन्हा नळीने पाहू. पोटात एक जंतू असतो, त्यानेही जखम होते, त्याचीही तपासणी केली, तो निघाला नाही. मग गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "पोट भरून आलं आणि हृदयाच्या डॉक्टरांनी होकार दिला की हे ऑपरेशन करता येईल. गोळीविना एवढ्या गुडघ्यांवर किती दिवस काढणार, आजी? आत्ता किती दुखतंय?" मी आईंकडे पाहिलं. मला वाटलं, नेहमीसारखं म्हणतील, कुठं काय. त्यांनी डॉक्टरबाईंच्या पायातल्या बुटांकडे बघत म्हटलं, "बघते." 

आज दुपारी मी हे पत्र लिहायला बसले तेव्हा त्या येऊन शेजारी बसल्या. बसताना खांब धरला, लपवला नाही. मला म्हणाल्या, "मी सांगते तसं लिही. तुझं डोकं चालवू नको." तेव्हा इथून पुढे माझं काही नाही. शब्द त्यांचे आहेत, मी फक्त हात.

"सोनाली, मी इंदूबाई, तुझी आई. मी बरी हाय. पोटात कुणी दिवा लावून पाहिलं, हर्षला म्हणते आत लय सुंदर हाय, मला काय माहीत. माझे गुडघे दुखतात. सकाळी उठताना दुखतात, बसताना दुखतात, न्हाणीत पाट सोडून उठवत नाय. तू आली व्हतीस तवाबी दुखत व्हते. धरणापर्यंत गेली तवा वाटंत आंब्याखाली बसून रडली व्हती, मंग उठून आली. तू खरं बोलली व्हतीस. आता गोळी नाय. दुखतंय ते दुखतंय. तू ये. कवा कापायचं ते तूच ठरव."

मी पेन थांबवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. इतकी वर्षं या घरात आहे, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.  मी विचारलं, आई, अजून काय लिहू?

"बास," त्या म्हणाल्या. "एवढंच बोलाया लागू नये म्हणून त्या गोळ्या खाल्ल्या व्हत्या."